पितळी गुंड आणण्यापुरते पाय

भंडाऱ्याहून लाखनीला बसनं वाळू घेऊन जाणारी बाई आजवर एकच झाली असेल. ती मी.

साधीसुधी वाळू नव्हती हो. चाळलेली, धुतलेली, उन्हात वाळवलेली, जाड कापडाच्या पिशव्यांत शिवलेली. कंडक्टरनं एक पिशवी उचलून पाहिली, कण्हत खाली ठेवली.

"काय हाय बाई यात?"

"वाळू."

"काहून? लाखनीकडची सरली काय?"

सगळी बस हसली. मी मान ताठ करून म्हणाले, "ही वैद्यकीय वाळू आहे." मग बस जास्तच हसली. खिडकीबाहेर बघत मी मनात म्हटलं, अडाणी लोक. दोन्ही अंगांनी नाल्यानाल्यांत वाळू पसरलेली होती आणि मी पोरगी ती मांडीवर घेऊन बसले होते.

तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं आणि अक्कलदाढही यायची होती. नागपूरला शिकून भंडाऱ्याच्या एका खाजगी दवाखान्यात मी लागले. मागच्या व्हरांड्याच्या टोकाला माझी खोली. दोन समांतर लाकडी कठडे, एक कप्पी, भिंतीला मोठा आरसा. दारावर माझ्या हुद्द्याचं इंग्रजी नाव रंगवलेलं. ते वाचून होईपर्यंत रोगी दुसऱ्या दारात शिरलेला असे. लोक मला 'कसरतवाली बाई' म्हणत. मला फार लागायचं ते. मग 'मालिशवाली' म्हणणारे भेटले आणि 'कसरतवाली'ची किंमत कळली.

काम काय, ते सांगते. मांडी मोडली की डॉक्टर आत सळई घालून हाड जुळवतात. हाड आपल्या चालीनं सांधत जातं. पण तोवर पाय पडून राहतो आणि पडून राहिलेला पाय फार लवकर विसरतो. मांडीचं मांस उतरतं, गुडघा गंजतो. हाड जुळलं पण माणूस काही चाललं नाही, असं सहज होतं. ते होऊ न देणं म्हणजे माझी नोकरी. चमत्कार वगैरे काही नाही त्यात. रोज तेच ते, थोडं थोडं, रोग्याच्या शिव्या खात.

आमच्याकडे बरेचसे रोगी जवळच्या एका कारखान्याचे असत. कामगार आणि त्यांच्या घरचे यांच्या इलाजाचा खर्च कारखाना करी. रीत अशी, की रोगी जितके दिवस खाटेवर, तितक्या दिवसांचे पैसे दवाखान्याला मिळत. त्यामुळे कुणालाच घाई नसे. रोगी आधी कठड्याला धरून चाले, मग काठीवर, मग फाटकाबाहेरच्या टपरीवर विड्या आणायला जाऊ लागे, तेव्हा कुठे सुटी. एका गृहस्थांनी तर खाटेवर बसल्या बसल्या शेजारच्या खाटेवाल्याशी पोरीची सोयरीक जमवली. मी खूश. मला वाटे, माणसं माझ्या हुशारीवर चालतात. खाटेच्या भाड्यावर चालतात, हे पुढं कळलं.

आणीबाणी उठून गेल्यावरची गोष्ट. कारखान्यात नवे साहेब आले, त्यांनी दवाखान्याची बिलं पाहिली आणि नियम बदलला. दिवसांचे पैसे बंद. मांडीच्या ऑपरेशनला एक ठरलेली ठोक रक्कम. रोगी आठवडाभर राहो की दोन महिने. साहेबांचं काही चुकलं नव्हतं, विड्या आणणारे रोगी त्यांनीही पाहिले असणार. पण झालं काय, की काल जो रोगी दवाखान्याला पोसत होता, तोच आज दवाखान्याच्या ताटात जेवू लागला. टाके निघाले की घरी. ऑपरेशन डॉक्टरांचं चांगलंच होत होतं. फक्त त्याच्यापुढचं चालणं कुणाच्याच पदरात नव्हतं. ते दवाखान्याच्या दारात सांडून जात होतं.

माझी खोली ओस पडली. आरशात मी एकटीच. मेट्रननी दोन दिवस पाहिलं आणि म्हणाल्या, "रिकाम्या आहात तर पट्ट्या गुंडाळायला या."

मी धावत मोठ्या डॉक्टरांकडे गेले. "घरी गेलेल्या रोग्यांना मी घरी जाऊन बघते."

"जा," डॉक्टर म्हणाले. "पण रोग्याचा हिशेब त्याच्या सुटीबरोबर मिटतो. तुमच्या जाण्यायेण्याचा खर्च कारखाना देणार नाही, आणि आम्हीही नाही."

"चालेल," मी म्हटलं. लोक पुढं याला माझी सेवावृत्ती म्हणू लागले. ती पट्ट्यांची भीती होती.

पहिली गेले ती शेवंताबाईकडे. लाखनीहून आत, तळ्याकाठी तिचं गाव. घर धानाच्या शेतीतलं. मुलगा दौलत कारखान्यात, म्हणून आईचा इलाज आमच्याकडे. रोवण्याच्या दिवसांत, म्हणजे चिखलात धानाची रोपं लावतात त्या दिवसांत, बैलबंडीवरून पडली आणि मांडी मोडून घेतली. दवाखान्यात असताना वॉर्डभर तिचा आवाज असे. टाके निघाल्याबरोबर तिला घरी पाठवलं होतं.

दौलत सायकल घेऊन लाखनीच्या स्टँडवर उभा होता. वाळूच्या पिशव्या हँडलला, मी कॅरिअरवर. पाऊस नुकताच थांबला होता. वाटभर तो एक शब्द बोलला नाही. मला वाटलं, लाजतोय.

अंगणाशी पोचलो तर चारदोन बंड्या सुटलेल्या, पडवीत माणसं, आत बायका. माझी छाती फुगली. भंडाऱ्याहून बाई येणार म्हणून गाव लोटलंय, असा माझा समज. मी सगळ्यांना नमस्कार केला. एक म्हातारे पुढं आले, शेवंताबाईचे सासरे. हात जोडून हळूच म्हणाले, "बाई, खरं सांगा. कवापर्यंत हाय म्हनता?"

मी उत्साहानं म्हणाले, "काही काळजी करू नका बाबाजी! दिवाळीपर्यंत होऊन जाईल सगळं!"

आत बायकांनी एकदम गळा काढला.

ते रडणं ऐकून मी पिशवी पायावर पाडून घेतली. मग कुणीतरी मला कोपऱ्यात नेऊन समजावलं, तेव्हा सगळा उलगडा झाला. या भागात आजवर दवाखान्यानं माणूस बरं होण्याआधी घरी पाठवलं, तर त्याचा अर्थ एकच होता. डॉक्टरांनी हात टेकले. 'घरी न्या' म्हणजे घरच्या मातीत डोळे मिटू द्या. याआधी गावातले जे जे लवकर परत आले, ते असेच आले होते. आणि शेवंताबाई तर पायाला पट्टी असतानाच, उचलून बंडीत घालून आणलेली. दवाखान्यात दौलतला कुणीतरी घाईत म्हटलं होतं, "घरी न्या, घरी आराम पडेल." पोरगा त्या बोलण्यावर रस्ताभर रडत आला होता.

कारखान्याच्या नव्या नियमाचा कागद या अंगणात कोण आणून वाचणार? इथं एकच नियम ठाऊक होता.

शेवंताबाई आत खाटेवर सरळ लाकडासारखी पडलेली. भेटायला येणारा जो तो तिच्या आवडीचं घेऊन येई. तळ्यातल्या झिंग्यांचा रस्सा उशाशी होता आणि मरणाऱ्या बाईच्या मानानं तिनं तो बराच संपवला होता.

"या बाई," ती म्हणाली. "शेवटी भेटाले आल्या, बरं झालं."

"शेवटी कसलं? मी कसरत घ्यायला आलेय!"

"मरनाऱ्या मानसाले कसरत कायले? वर जाऊन का रोवना करू?"

मी तिला समजावलं. हाडाचं चित्र काढून दाखवलं. ठोक रकमेचा नियमही सांगितला, अगदी इत्थंभूत. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि दौलतला म्हणाली, "बाईले चहा दे. लय मन लावून खोटं बोलून राहिल्या बिचाऱ्या." वाळूच्या पिशवीकडे बघून सासरे म्हणाले, "हे कायचं? बाई, वाळू तं आपल्या नाल्यातच हाय न."

दुसऱ्या खेपेला मी डॉक्टरांची चिठ्ठी नेली. ती तिनं कपाळाला लावून देवाच्या फोटोमागं ठेवली. पाय तसाच. गुडघा मी हातानं वाकवायला गेले तर तो माझ्या हातात करकरला. अजून थोडे आठवडे असेच गेले असते, तर ती जगली असती खरी, पण खाटेवरच. धानाच्या घरातली कर्ती बाई आयुष्यभर खाटेवर, आणि गावाला वाटणार दवाखान्यानं मारली तरी नाही आणि तारली तरी नाही.

वाचवलं तिला सगुणानं. सगुणा म्हणजे तिची नणंद, तळ्याच्या पलीकडल्या टोलीवर, म्हणजे लहान वस्तीवर, दिलेली. या दोघींचं लग्नापासून वाजलेलं. कारण एक पितळी गुंड. गुंड म्हणजे आमच्याकडं पाणी भरायचा मोठा गोल घडा. शेवंताबाईच्या आईनं भंडाऱ्याच्या पितळवाल्यांकडून घडवून लेकीला दिलेला. सगुणाचा त्याच्यावर पहिल्या दिवसापासून डोळा. आणि शेवंताबाईनं मरायला टेकलेलं माणूस जसं सगळ्यांना काही ना काही देतं, तसं सगळं वाटून टाकलं होतं. बहिणीला लुगडं, शेजारणीला बकरीचं पिल्लू. सगळे हेवेदावे मिटवायचे म्हणून स्वतःच्या हातानं गुंड सगुणाला.

माझ्या तिसऱ्या खेपेला मी हरून नुसती पायाशी बसले होते. तेवढ्यात शेजारीण आली आणि बोलता बोलता म्हणाली, "सगुणानं गुंड चिंचेनं असा घासला व शेवंता, रस्त्यावरून चमकते. दारासमोरच मांडून ठेवला. येनाऱ्या-जानाऱ्याले सांगते, वैनीचा व्हता."

खाटेवरून आवाज आला, "व्हता?"

शेजारणीनं पदर तोंडाला लावला.

"मी मराच्या आधीच व्हता?" शेवंताबाई कोपरांवर उठली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मग माझ्याकडे वळून, अगदी डोळ्यांत बघत तिनं विचारलं, "बाई, लेकराची आन घ्या. मी खरंच मरून नाई राहिली?"

लेकरू कुठलं, मला नवराही नव्हता. पण मी होणाऱ्या सगळ्या लेकरांची आण घेतली.

"मंग माहा गुंड!"

दौलत लगेच म्हणाला, "माय, मी आत्ता घेऊन येतो."

"खबरदार! मरनाऱ्या हातानं देल्लं दुसऱ्याच्या हातानं नाई मांगवत. देनारीनं सोताच्या पायानं उंबऱ्यापाशी जावं लागते." तिनं पट्टीतल्या पायाकडे असं पाहिलं, जसं नांगराला न वळणाऱ्या बैलाकडे बघावं. "बाई, याले काय लागते? सांगा."

त्यानंतरचे महिने माझ्या नोकरीतले सगळ्यात सुखाचे. शिव्या तर तिनं मला अशा दिल्या, की आजही एकटी असताना आठवून हसते. खाटेच्या कडेवर बसून पाय खाली सोडायचा, गुडघा ताठ करायचा, पुन्हा सोडायचा. वाळूची पिशवी शेवटी कामाला आली, पण वाळू नाल्यातली. दर रविवारी, माझ्या सुटीच्या दिवशी मी जात असे. मधल्या दिवसांत दौलत रजा काढून तिचं करून घेई. ती भिंतीला धरून उभी राहिली, मग दौलतनं अंगणात बांबूचे दोन कठडे ठोकून दिले. मी एका टोकाशी उभी राहून ओरडे, "टाच आधी, शेवंताबाई! टाच आधी, मग बोटं!" पाय फरपटत टाकायची सवय लागली की सुटत नाही, म्हणून. गावातली पोरं कुंपणाबाहेरून माझी नक्कल करत, "टाच आधी! टाच आधी!" गुराख्यांनी ते गुरांनाही म्हणायला सुरुवात केली. शेवंताबाई म्हणे, "मी काय पयल्यांदा चालून राहिली काय व बाई? तुमच्या जल्माच्या आधी चालली मी." आणि टाच आधी टेकवी.

इथं नियमाचं काय झालं ते सांगून टाकते, नाहीतर राहून जाईल. दौलतच्या रजा संपल्या तरी तो कामावर जाईना. त्याच्यासारखे आणखीही होते, ज्यांची माणसं अर्धवट घरी आली होती. साहेबांनी दौलतला बोलावून विचारलं, तर त्यानं सरळ सांगितलं, "साहेब, खाटेचं भाडं वाचलं तुमचं. पन खाट आता माह्या घरी हाय, अन् तिच्यापाशी मले बसा लागते." साहेब हिशेबी होते, म्हणूनच त्यांना ते पटलं. त्यांनी ठोक रक्कम तशीच ठेवली, पण तिचा शेवटचा हिस्सा रोगी आपल्या पायानं चालू लागल्यावर द्यायचा, असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी दवाखान्याला माझी आठवण आली. माझ्या बसचं तिकीट निघू लागलं, पुढं तर जीप मिळाली. मेट्रननी पट्ट्यांचा विषय पुन्हा काढला नाही.

तो नवा नियम यायला थोडा उशीर झाला, याचीच चुटपुट आहे. साकोलीच्या पुढचा एक मनुष्य त्या पावसाळ्यातच घरी गेला होता. वाटेतला नाला भरलेला, मी पोचले तेव्हा गुडघा कायमचा सरळ आखडून बसला होता. पुढं कधी लग्नाकार्यात भेटला, की पंगतीत पाय लांब करून बसलेला असे, वाढपी त्याला वळसा घालून जात. मला बघून हसून हात करायचा. त्या हसण्यानं मी वाढलेलं जेवण तसंच ठेवून उठलेय.

पण खरं सांगू? त्या पहिल्या, अर्धवट नियमाचेही माझ्यावर उपकार आहेत. तो नसता तर मी जन्मभर त्या आरशासमोर उभी राहिले असते. माणसाला चालायचं असतं ते कठड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नव्हे. कुणाला बैलापर्यंत जायचं असतं, कुणाला विहिरीपर्यंत, कुणाला भावकीशी भांडायला. ते मी घरोघरी हिंडून पाहिलं. मग नव्या रोग्याला माझा पहिला प्रश्न असे, "कुठं जायचंय?" उत्तर आलं, की निम्मं काम झालं.

परवा माझाच गुडघा बदलला. आता त्या ठोक रकमेला पॅकेज म्हणतात. टाके ओले असतानाच मला घरी पाठवलं. करडी गावची माझी जाऊ डबा घेऊन धावत आली. उघडून बघते तर झिंगे. मी म्हटलं, "काय वं, तुले वाटलं मी चालली?" पण दुसऱ्या सकाळी दारात एक पोरगी उभी, कसरत घ्यायला. म्हणाली, पॅकेजमध्येच आहे आजी. मी तिला आधी पोटभर छळलं, मग पोहे खाऊ घातले.

तर शेवंताबाई. हलका, लवकर पिकणारा धान घरात आला, दिवाळी तोंडावर आली, आणि एका रविवारी मी पोचले तर ती नवं लुगडं नेसून, काठी घेऊन दारात उभी. "चला," म्हणाली. तळ्याच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, टोली तशी लांब नव्हती, पण इतकं ती अजून चालली नव्हती. ती पुढं, मी मागं, दोन्ही हात पसरून, जशी काही कोंबडी धरायला निघालेय.

सगुणा अंगणात सडा टाकत होती. वहिनीला बघून तिच्या हातातलं शेण तसंच राहिलं.

"आली काय?" सगुणा म्हणाली.

"आली," शेवंताबाई म्हणाली. "सोताच्या पायानं."

सगुणा आत गेली. मला वाटलं आता भांडण होणार, मी दोघींच्या मध्ये उभी राहायची तयारी केली. ती गुंड घेऊन बाहेर आली. रिकामं भांडं माहेरी परत द्यायचं नसतं, म्हणून नव्या धानाच्या पोह्यांनी काठोकाठ भरलेला. वहिनीच्या पायांना हात लावायला वाकली आणि तो मोडलेला पाय धरून तिथंच रडायला लागली. "वैनी, मी घासून ठेवला व्हता, पन पानी नाई भरलं व त्यात. एक डाव बी नाई भरलं."

"माहीत हाय मले," शेवंताबाई म्हणाली. "उठ. पोहे सांडतीन."

परतताना तिनं तो गुंड उचलून सरळ डोक्यावर ठेवला. काठी बगलेत. मी किंचाळले, "अहो, खाली ठेवा! हाड कच्चं आहे अजून! काठी टेका!" ती ऐकेना. पाळीवरून ताड ताड निघाली. मी मागून धावतेय, ओरडतेय आणि ती काही मला सापडत नाही. ज्या बाईला चालवण्यासाठी मी पावसाळाभर घसा फोडला, तिला थांबवायला तोच घसा फोडत होते. पाळीवर जिथून पाट फुटतो तिथं ओल असते. माझी शहरी चप्पल तिथं सटकली आणि मी धपकन बसले.

शेवंताबाई थांबली. मागं वळली. डोक्यावरचा गुंड एका हातानं सावरत माझ्यापाशी आली आणि दुसऱ्या हातानं काठी पुढं केली.

"टाच आधी, बाई," ती म्हणाली. "मंग बोटं."

मी काठी धरून उठले. मग आम्ही दोघी गावाकडं निघालो. गुंड तिच्या डोक्यावर, काठी माझ्या हातात.